उणे पाणी

तोंडाची मी पहिल्यापासून फटकळ, त्यामुळं आयुष्यात आळ बरेच आले आणि त्यातले निम्मे खरेही होते. पण सत्याऐंशीच्या उन्हाळ्यात जो आला तो साफ खोटा होता, म्हणून तो अजून आठवतो.

लातूर जिल्हा होऊन पाच वर्षं होत आली होती. कचेरीतली टेबलं उस्मानाबादहून आलेली, माणसं मिळतील तिथून आलेली आणि मी नांदेडहून. हंगामी प्रोग्रामर, पंचशीला. पावसानं दगा दिलेला, विहिरींनी तळ दाखवलेला. कुठल्या गावाला टँकरच्या किती फेऱ्या, ही यादी करणं माझं काम. आधी ती वीरण्णा कारकून रजिस्टरवर करायचे, तीन दिवस लागायचे. वीरण्णा निलंग्याकडचे, घरात कानडी बोलायचे, कचेरीत मराठी आणि रागात उर्दू.

प्रोग्राम मी नांदेडला शेवटच्या वर्षी पास्कल नावाच्या संगणकी भाषेत लिहिला होता, कॉलेजातल्या कपाटाएवढ्या मशीनवर. हिशोब सरळ होता. माणसं गुणिले वीस लिटर, त्यातून गावच्या विहिरींचं पाणी वजा. उरेल ती गरज. गरज शून्याखाली गेली म्हणजे विहिरीतच भागतंय, त्या गावाला टँकर नको.

गाव आणि गावकुसाबाहेरची वस्ती मी वेगवेगळ्या ओळीत धरली होती, तेही मुद्दाम. टँकर गावात उभा राहतो आणि वस्तीच्या वाट्याला तळाचा गाळ येतो, हे मला पुस्तकात वाचायची गरज नव्हती. मी उमरीजवळच्या वस्तीतच वाढले.

लातूरला मिळालं ते टेबलावरचं छोटं मशीन. भाषा इथंही पास्कलच. पण नांदेडची आणि लातूरची मराठी एकच असून जशी एक नसते, तसंच ते. कंपायलर म्हणजे आपण लिहिलेलं मशीनला समजावून सांगणारा दुभाषी. इथला दुभाषी वेगळा होता. फाइल वाचायची माझी आज्ञा त्याला ठाऊकच नव्हती. तो जिथं अडला तिथं मी बदललं. पुन्हा अडला, पुन्हा बदललं. दोन दिवसांनी गप्प झाला, आणि मी म्हटलं, झालं एकदाचं. जो ओरडत नाही त्याचं काही दुखत नाही, असं समजणारी मी शहाणी.

सोमवारी पहिल्या अकरा गावांना माझ्या यादीप्रमाणं टँकर गेले. मंगळवारी अकराच्या सुमारास बाभळखेड्याचे सरपंच सटवाजीराव दोन माणसं घेऊन कचेरीत उभे. आवाज चढलेला नव्हता, तेच वाईट होतं. गावात दोन हजार माणसं, त्यांना शून्य फेऱ्या. वस्तीवर तीनशे, त्यांना एक.

“यादीखालचं नाव वाचलं अन् समजलं,” ते म्हणाले. “बाई, आपल्या माणसांचं बरं पाह्यलं तुमी. आमच्या घरच्या बायांला घागर घेऊन वस्तीवर जायची पाळी आणली.”

एरवी मी कुणाचं उधार ठेवत नाही, पण त्या दिवशी मी यादीचा कागद पुढं ओढून तेच आकडे पुन्हा वाचत बसले. खरं सांगते, रडू येत होतं. साहेबांनी दोन्हीकडचं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. संध्याकाळपर्यंत कारण सापडलं तर ठीक. नाही तर यादी पुन्हा रजिस्टरवर आणि वस्तीची वेगळी ओळ बंद, कटकटच नको. माझी नोकरी गेली असती तरी नांदेडला परत जाऊन मी काहीतरी केलं असतं. पण ती ओळ गेली असती तर सटवाजीरावांचं म्हणणं खरं ठरून कायमचं राहिलं असतं. सगळ्या जिल्ह्यातल्या वस्त्यांनी त्याची किंमत भरली असती.

सटवाजीरावांना वीरण्णांनी खुर्ची दिली, चहा मागवला, आणि माझ्या मागं येऊन उभे राहिले. मी प्रोग्राममध्ये एक ओळ घातली: फेऱ्यांच्या आधी गरजेचा आकडाही दाखव. बाभळखेड्यासमोर आलं, उणे पंचवीस हजार पाचशे छत्तीस.

वीरण्णांनी चष्मा वर केला. “उणे पाणी म्हंजी काय बाई? गावानंच सरकारला पाणी द्यायचं काय?”

मला हसू फुटलं, आणि हसता हसता डोक्यात उजेड पडला. विहिरी तर कोरड्या, वजा करायला काहीच नाही. दोन हजार गुणिले वीस म्हणजे चाळीस हजार. नांदेडच्या मशीनमधला पूर्णांक लांबरुंद होता, अब्जावर गेला तरी मावायचा. हे छोटं मशीन बत्तीस हजार सातशे सदुसष्टच्या पुढं मोजू शकत नव्हतं. त्यापुढं गेलं की गिरकी घेऊन उणेत जायचं, आणि तेही चकार शब्द न काढता. वस्तीचे सहा हजार लिटर आरामात मावले होते. बाकीची दहा गावं लहान, म्हणून तीही सुटली. मी सोळाशे अडतीस माणसं घालून पाहिली, बरोबर. सोळाशे एकोणचाळीस घातली, उणे.

पण हे सटवाजीरावांना सांगायचं कसं? पूर्णांकाची लांबी ऐकून कुणाचा राग उतरतो? मी त्यांना मशीनपुढं बसवलं आणि म्हटलं, वस्तीच्या ओळीत तुमच्या हातानं दोन हजार माणसं घाला. त्यांनी एका बोटानं, एकेक बटण शोधत आकडा घातला. वस्तीच्या फेऱ्या, शून्य. मग गावाच्या ओळीत तीनशे घालायला लावले. गावाला फेरी, एक.

त्यांनी पुन्हा एकदा आकडे अदलाबदल करून पाहिले, मी अडवलं नाही.

“म्हंजी याला जात कळत न्हाई,” ते म्हणाले.

“न्हाई,” मी म्हटलं. “याला बत्तीस हजाराच्या पुढचं बी कळत न्हाई. ते मला ठाऊक पायजे होतं. चूक माझीच हाय.”

त्यांनी मान हलवली. माफी वगैरे मागितली नाही, पण साहेबांकडं जाऊन स्वतः सांगितलं की बाईंनी मुद्दाम केलेलं नाही. मला तेवढं पुरलं.

आता दुरुस्ती. पूर्णांकाऐवजी दशांशाचा आकडा घेतला तर मावत होता, पण तो छापताना मशीन मध्येच एक इंग्रजी अक्षर घालायचं, आणि वीरण्णा विचारायचे हे काय लचांड. शेवटी तेच म्हणाले, लिटर कोण मोजतंय बाई, बाया घागर मोजतात. दहा लिटरची घागर धरा. माणशी दोन घागरी, टँकर हजार घागरींचा, विहिरीही घागरीत. दोन हजार माणसांच्या चार हजार घागरी कुठल्याही मशीनमध्ये मावतात, लातूरच्या, नांदेडच्या, आणखी कुठलं येईल त्याच्या. मी शिवाय एक ओळ घातली. आकडा मशीनच्या ताकदीपलीकडं जाणार असेल तर मशीननं आधीच थांबून ओरडावं. गप्प बसायची मुभा मी पुन्हा कुठल्याच मशीनला दिली नाही.

बुधवारी बाभळखेड्याला चार फेऱ्या गेल्या, वस्तीला एक. शेवटच्या टँकरबरोबर मीही गेले, माझ्या डोळ्यांनी बघायला. वस्तीवर सरजाबाई नावाच्या एक म्हाताऱ्या बाई होत्या. परवाचा टँकर त्यांच्याच दारात उभा राहिला होता. त्यांनी मला ओट्यावर बसवून पाणी दिलं आणि सोमवारची हकिगत सांगितली. आधी गावातल्या दोघी-तिघी आल्या आणि लांबच उभ्या राहिल्या. मग उन्हाचा चटका वाढला तशा सगळ्याच आल्या. सरजाबाईंनी एकेकीची घागर भरून दिली, कुणाला नाही म्हटलं नाही. सटवाजीरावांची आई विठाबाई तर इथंच, मी बसले होते त्या जागी बसून, सरजाबाईंच्याच तांब्यानं पाणी प्यायल्या. सत्तर वर्षं एका गावात काढली, पण दोघी पहिल्यांदाच इतक्या बोलल्या.

“चूक सापडली म्हनं तुला?” सरजाबाईंनी विचारलं.

“हाव मावशी. कालच दुरुस्त केली.”

त्यांनी गावाकडं बोट केलं. तिकडं टँकरभोवती बायांची गर्दी होती, वस्तीकडं कुणी फिरकलं नव्हतं.

“लई हुशार हाईस पोरी,” त्या म्हणाल्या. “पर आजून दोन-चार दिस सापडली नसती, तर बरं झालं असतं.”