धावपट्टीच्या चार किलोमीटर आधी

मित्रांनो, मी माळ्यावरून बोलतोय. आवाज घोगरा लागला तर समजून घ्या, पंख्यात धूळ साचली आहे. मी एक जुना कंप्युटर. सन २००४ मध्ये गोंदियातल्या एका दुकानात सुटे भाग जोडून मला उभं केलं. पहिली चार वर्षं मी एका सायबर कॅफेत राबलो. मग केवळरामांनी मला विकत घेतलं आणि वाकळीत गुंडाळून स्कूटरवरून चिचटोल्याला आणलं.

केवळराम मोजणी खात्यात शिपाई होते. शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधाच्या हद्दीवरून, गावात दोघांची जुंपली की लोक त्यांना बोलावत. ते माप सांगत आणि भांडण मिटे. त्यांच्या मापावर पुन्हा मोजणीची साखळी टाकायची कोणाची छाती नव्हती, आणि त्यांच्या घरात तर मुळीच नव्हती. त्यांच्या बायकोने, कलाबाईंनी, माझ्यासमोर मेणबत्ती लावली, खीर वाटली. मुलगी समीक्षा मला ओढणीच्या टोकाने पुसायची. किती सुख होतं ते!

पुढच्या वर्षी जवळच बिरसीला विमान शिकवणारी शाळा निघाली. धानाच्या बांध्यांवरून इवली विमानं घरघरत जाऊ लागली आणि बारावीतल्या समीक्षाचं लक्ष उडालं. त्या शाळेची प्रवेश परीक्षा द्यायचीच, असं तिने ठरवलं. तिने माझ्यात विमान उडवायचा खेळ टाकला, सोबत वाट दाखवणारं एक सॉफ्टवेअरही. किती उंचीवर आहात, कुठे उतरायचं आहे, तिथली जमीन समुद्रापासून किती उंच आहे, एवढं सांगितलं की उतरायला कुठून सुरुवात करायची आणि कुठे किती उंचीवर असायचं, ते सॉफ्टवेअर सांगे. त्यात जगभरचे विमानतळ होते, बिरसी मात्र नव्हतं. समीक्षाने ते स्वतः भरायला घेतलं.

“बाबा, बिरसीची जमीन किती उंच हाये?”

केवळराम जेवत होते. “तीनशे. तिथच्या मोजणीच्या दगडाले मीच चुना मारलो होतो. डोळे झाकून लिव.”

तिने डोळे झाकूनच लिहिलं म्हणा ना. चौकटीपुढे बारीक इंग्रजी अक्षरांत ‘फूट’ होतं आणि केवळरामांच्या खात्याचे दगड मीटर बोलतात. म्हणजे जमीन खरी होती त्याहून जवळपास सातशे फूट खाली, असं मी धरून चाललो. आम्हा यंत्रांची जातच अशी. दिलेला आकडा आम्ही खरा मानतो आणि हिशेब मात्र चोख करतो.

खऱ्या वैमानिकाला आकड्यांच्या भरवशावर उतरता आलं पाहिजे, म्हणून समीक्षा खेळात दाट धुकं लावायची. विमान माझ्या सांगण्यानुसार नीट खाली यायचं. सगळं पांढरं, शांत. मग अचानक मातीचा रंग, एक दणका, आणि पडदा काळा. नकाशात पडल्याची जागा दिसे. धावपट्टीच्या चार किलोमीटर आधी. तिथे चिचटोला होता.

दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी तेच. समीक्षाने वारा बदलला, वेग बदलला, विमानसुद्धा बदललं. बापाचा आकडा तेवढा बदलला नाही. तो तपासावा हे तिच्या मनातही आलं नाही. मी तीच वाट दाखवत राहिलो आणि विमान त्याच गावावर पडत राहिलं.

एकदा कलाबाई हातात सूप घेऊन मागे उभ्या होत्या. 

“हे तं आपलं गाव होय! काऊन वं पोरी, आपल्याच घरावर पाडून राहिली?”

“आई, खेळ हाये तो.”

“खेळ एक डाव चुकते. रोज नाही चुकत.”

त्या दिवसापासून वर घरघर आली की कलाबाई अंगणातून आत येत आणि विमान पार निघून जाईपर्यंत छपराच्या कवेलूंकडे बघत बसत. समीक्षा हसायची. हळूहळू तिचं हसणंही थांबलं.

परीक्षेच्या दिवशी ती नवा ड्रेस घालून तयार झाली. बसला अर्धा तास होता. शेवटचं म्हणून ती माझ्यासमोर बसली. धुकं, शांतता, माती, काळोख. बस आली, हॉर्न वाजवून गेली. ती उठली नाही.

“माह्या हातातच नाही, आई,” ती म्हणाली. “मी एखाद दिवशी खरंच कोनाले मारन.”

कलाबाईंनी सुटकेचा श्वास टाकून दार लोटलं. मित्रांनो, त्या पोरीचा हात चांगला होता. मी सांगितलेली रेघ तिने कधी केसभरही सोडली नाही. चूक माझ्या पोटात होती आणि मला तोंड नव्हतं.

समीक्षा पुढे डी.एड. होऊन देवरीकडे शिक्षिका झाली. मी कापडाखाली गेलो. आठ वर्षांनी, निवृत्त झालेल्या केवळरामांनी लेकीचे जुने फोटो बघायला मला सुरू केलं. चुकून ते सॉफ्टवेअर उघडलं. बिरसी. तीनशे. त्यांनी चष्मा वर केला आणि पुढची अक्षरं एकेक करून वाचली. मग कॅलेंडरच्या कडेला पेन्सिलीने गुणाकार केला. नऊशे चौऱ्यांशी फूट.

त्यांनी आकडा बदलला. लेकीला बघून बघून त्यांना खेळ कसा चालवायचा ते ठाऊक होतं. धुक्यातून विमान खाली आलं, चिचटोल्यावरून अलगद पुढे गेलं आणि धावपट्टीवर जाऊन थांबलं.  मग त्यांनी कॅलेंडरची ती कड फाडून चुलीत घातली आणि एकट्याने धापा टाकत मला माळ्यावर चढवलं.

मागच्या बुद्धपौर्णिमेला समीक्षा आली होती. जेवणं चालली असताना वरून एक इवलं विमान गेलं. ती आवाज विरेपर्यंत ऐकत राहिली. मग म्हणाली, “बाबा, तो कंप्युटर काढा ना खाली. एक डाव उतरवून पायतो.”

केवळरामांनी ताटातला भात पुन्हा कालवायला घेतला.

“तो कवाचाच बिगडला, बेटा,” ते म्हणाले.

मित्रांनो, घरातल्या मोठ्यांनी दिलेला असला तरी आकड्याला एकदा विचारा, तू कशातला? आणि कधी चिचटोल्याला आलात तर समीक्षाला हाक मारा, माळ्याला शिडी लावा, माझ्यावरची धूळ पुसा. मी बिघडलेलो नाही.