हातभर पुढे गेलेले खिळे

अण्णांचं घर लांबट. पुढे त्यांची खोली, मग बोळ, बोळात उजव्या हाताला न्हाणीघर आणि शेवटी एक पायरी उतरून स्वयंपाकघर. ती पायरी तिथे कशासाठी ठेवली हे बांधणाऱ्यालाच ठाऊक. धडधाकट डोळ्यांचे पाहुणेसुद्धा तिथे हमखास ठेचकाळत, आणि अण्णांचे तर डोळेच गेलेले. जन्मभर भिंग लावून घड्याळं दुरुस्त करणाऱ्या माणसाची नजर काचबिंदूने नेली. नेमकं कुठे मारावं हे दैवाला बरोबर कळतं.

तरी अण्णा कुणाचा हात धरत नसत. सकाळी उठून स्वतः चहा करत आणि कप ताईच्या हातात देत. ताई म्हणजे त्यांची मुलगी. दूधवाल्यापासून धाकट्या भावापर्यंत सगळे तिला ताईच म्हणत, तेव्हा आपणही तेच म्हणू. ती दिवसभर कामावर असे आणि अण्णा घरात एकटे असत, ते भिंतीतल्या खिळ्यांच्या भरवशावर.

हे खिळे रंगारीकाकांच्या हातचे. ताई परकर नेसत होती तेव्हापासून या घराला रंग द्यायचा तो त्यांनीच. नजर थोडी शिल्लक होती तेव्हाच एका दुपारी अण्णांनी डोळ्यांवर टॉवेल बांधला, उजवा हात भिंतीवर ठेवला आणि बोळातून चालू लागले. ते ‘इथे’ म्हणाले की काका तिथे पितळेचा खिळा ठोकत. खोलीच्या दाराशी एक, न्हाणीघराच्या अलीकडे दोन, पायरीच्या अलीकडे तीन. चुकलं की उपटायचे आणि पुन्हा मागून चालत यायचं. दोन म्हातारे त्या दुपारी शाळा बुडवलेल्या पोरांसारखे हसत होते, आणि ताईला वाटलं होतं की सख्खा भाऊ काय करील असं या माणसाने केलं.

ताईचा स्वतःचा सख्खा भाऊ, म्हणजे धाकटा, वेगळंच काही करू पाहत होता. अण्णांना आपल्या घरी न्यायचं, लक्ष ठेवायला बाई ठेवायची आणि खुर्चीत बसवायचं, असं त्याच्या मनात होतं. वाईट मुलगा नव्हता तो, पण त्याच्या मायेला कुलूप असे. अण्णा त्याला एकच सांगत, की माझा चहा मला करता येतोय तोवर मी इथून हलणार नाही.

अशात बोळाच्या भिंतीला ओल आली, पोपडे धरले. काका आले, भिंतीवर टकटक करून म्हणाले की खरवडून, खाचांत लांबीचा लगदा भरून नवा रंग द्यावा लागेल. ताईने पहिला प्रश्न खिळ्यांचा विचारला. काकांना रागच आला. ‘अगं, ते मी ठोकलेत. एकेका खिळ्याभोवती बारीक ब्रश फिरवीन. मला शिकवतेस का?’ ताई ओशाळली. रंगाच्या वासाने अण्णांना खोकला होई, म्हणून दोघं आत्याकडे राहायला गेली आणि किल्ली काकांकडे गेली.

परत आल्यावर भिंत बघून ताई खूश झाली. खिळे एका रेषेत चमकत होते. एक, दोन, तीन. ‘अण्णा, आहेत हं सगळे,’ तिने स्वतःच्या तोंडाने सांगितलं. अण्णा हसले, भिंतीला हात लावला, म्हणाले, काय गुळगुळीत केलीय. आणि चहा टाकायला निघाले.

पायरीच्या तीन खिळ्यांना हात लागायच्या आधीच पाय हवेत गेला. ते डाव्या अंगावर पडले. मनगट मोडलं.

मनगटाला प्लास्टर बसलं, ते सुटेलही. पण अण्णा खोलीतून बाहेर पडेनात. मी मोजायला चुकलो, म्हणत. डोळे गेले ते ठीक, आता डोकंही चाललं का, असं त्यांनी ताईला विचारलं. काकांचा फोन आला, तो ताईने अण्णांनाही ऐकू यावा म्हणून स्पीकरवर लावला. त्यांनी हळहळ केली आणि म्हणाले, वय झालं की अंदाज चुकतोच ताई, एकटं फिरू देऊ नकोस. धाकटाही नेमकं हेच बोलला. अण्णांनी दोन्ही ऐकलं आणि मान डोलावली. धाकट्याला म्हणाले, ये न्यायला.

ताईने बॅग भरायला घेतली. दुपारची वेळ होती. स्वयंपाकघराच्या खिडकीतून उन्हाची तिरीप बोळाच्या भिंतीवर आडवी पडली होती. आडव्या उजेडापुढे कुठल्याच रंगाऱ्याची लबाडी टिकत नाही. पायरीपासून बरंच मागे, कमरेच्या उंचीवर, तिला लांबीचे तीन ठिपके दिसले. नखाने खरवडलं तर आत भोकं निघाली. तिथून आत्ताच्या खिळ्यांपर्यंत हातभर अंतर. मग तिने खिळ्यांवरून बोट फिरवलं. जुन्या खिळ्यांची डोकी अण्णांच्या हाताने झिजून गोल झाली होती. ही कडेला बोचत होती.

भरवशाच्या म्हशीला टोणगा, असं आपण हसत म्हणतो. ताईला हसू आलं नाही.

तिने काकांना बोलावून घेतलं. ते हातात फळांची पिशवी घेऊन आले आणि आधी साफ कानांवर हात ठेवले. तिने त्यांना बोळात उभं करून भोकं दाखवली, तेव्हा पिशवी खाली ठेवली. मग निघालं सगळं. त्याच आठवड्यात त्यांना एका नव्या हॉटेलचं मोठं काम मिळालं होतं. इथे त्यांनी दुसरी दोन माणसं पाठवली आणि खिळ्यांबद्दल सांगायचं राहून गेलं. त्या माणसांनी खिळे उपटून राडारोड्यात फेकले, भोकं बुजवली, घासून रंग मारला. काका संध्याकाळी आले आणि बघून चरकले. मग बाजारातून नवे खिळे आणले आणि आठवून आठवून, पट्टी लावून, एका रेषेत ठोकले. पायरीचे खिळे पायरीपाशी. चूक डोळस माणसाची होती. त्यांना पायरी दिसत होती, आणि पाय पोचायच्या आधी हाताला कळायला हवं, हे टॉवेल बांधलेल्या त्या दुपारी जे समजलं होतं ते विसरून गेले होते.

‘एक फोन का नाही केलात, काका?’

‘सांगितलं असतं तर तुम्ही पुन्हा दारात उभं केलं नसतं मला. म्हटलं, बसवले ना परत. कुणाला कळणारे?’

‘मला कळलं,’ अण्णा म्हणाले. ते खोलीच्या दारात येऊन उभे होते. किती वेळ, कोण जाणे.

काका त्यांच्याकडे गेले, पाया पडायला वाकले. अण्णांनी पाय मागे घेतला. आवाज चढवला नाही.

‘खिळे चुकले, त्याचं मला काही नाही. माणूस विसरतो. पण फोनवर तू वय झालं म्हणालास. तुला माहीत होतं मी का पडलो. मी इथे पडून पडून स्वतःला वेडा समजत होतो, आणि तू समजू दिलंस.’

काका रडायला लागले. आत्ताच्या आत्ता नीट ठोकून देतो म्हणाले. हातोडी त्यांच्याजवळ कायम असे. अण्णांनी हात पुढे करून ती मागून घेतली आणि ताईच्या हातात दिली. ‘तू ठोकलेल्या खिळ्यावर आता माझा हात ठरायचा नाही,’ ते म्हणाले. काकांची पिशवी ताईने दाराबाहेर नेऊन ठेवली. तिला त्यांची दया आली, आणि दया आली म्हणून आणखी संताप आला.

धाकट्याला तिने येऊ नको म्हणून कळवलं. ओढणीने डोळे बांधून ती आधी स्वतः बोळातून चालली, दोनदा आपटली, आणि इतकी वर्षं आपण हे एकदाही करून पाहिलं नाही याची तिला लाज वाटली. मग तिने काकांचे खिळे उपटले आणि अण्णा चालले. ‘इथे’ म्हणाले, तिथे तिने ठोकलं. बोट चेचून घेतलं, भिंतीचे टवके उडवले. नव्या रंगाची पार दैना झाली, पण खिळे जागेवर बसले. पडताळून पाहिलं, पुन्हा पाहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी अण्णा चहा करायला निघाले. एका हाताने करीन म्हणाले. ताई मुद्दाम मागे राहिली. हात भिंतीवरून सरकत गेला. एक. दोन. मग तीन. तिथे ते थांबले, आणि थांबूनच राहिले.

‘ताई, पायरी पुढेच आहे ना गं?’

‘हो अण्णा. आपणच ठोकलेत की काल.’

‘माहितेय मला,’ ते म्हणाले. पण पाय उचलेना. थोड्या वेळाने त्यांनी भिंतीवरचा हात काढला आणि तिने धरावा म्हणून तिच्या दिशेने पुढे केला.