जागरण करून या

मास्तरांनी लेकीच्या डोळ्यांसमोर टाळी वाजवली.

"ए, झोपायचं नाही! अजून डोक्याला तारा लावून व्हायच्यात."

"बाबा, तुम्हीच पेंगताय," ती म्हणाली.

खरंच पेंगत होते. रात्रभर दोघं पत्ते खेळत बसले होते, कारण या रुग्णालयाने चिठ्ठीच तशी दिली होती : जागरण करून या. मेंदूची तपासणी आणि तीही जागरण करून! निवृत्त शिक्षक माणूस, त्यांना हे अजिबात पटलं नव्हतं.

सात महिन्यांपूर्वी दुसऱ्या रुग्णालयात हीच तपासणी झाली, तेव्हा त्यांनी लेकीला आठ वाजताच झोपायला पाठवलं होतं. परीक्षेला कसं ताजंतवानं जावं! तिथे कुणी काही सांगितलंही नव्हतं. वीस मिनिटांत काम झालं आणि संध्याकाळी कागद हातात : सगळं नॉर्मल. मास्तर खूश. त्यानंतरही ती बोलता बोलता थांबायची, बोटांनी कपड्याचं टोक चाळवत शून्यात बघायची, हातातलं ताट पडायचं, आणि मास्तर ओरडायचे, "पुरे झाली सोंगं!" मागच्या महिन्यात ती जिन्यावरून पडली, डोक्याला सहा टाके पडले, तेव्हा कुठे ते तिला इथे घेऊन आले. तरी मनातून खात्री होतीच, याही वेळी काही निघणार नाही.

तपासणीवाल्या बाईंनी चिकट मलम लावून शेवटची तार डोक्यावर बसवली.

"हं, आता झोप."

"झोपू?"

"खुशाल. घोरलीस तरी चालेल."

दोन मिनिटांत तिला गाढ झोप लागली. पडद्यावर रेषा शांतपणे सरकू लागल्या. अर्धा तास झाला तसे मास्तर चुळबुळायला लागले.

"तिकडे जागेपणीच केलं होतं. वीस मिनिटांत मोकळे."

"पद्धत वेगळी असते हो ठिकठिकाणी," बाई पडद्यावरची नजर न काढता म्हणाल्या. "कुणी जागेपणी करतं, कुणी झोपवून. कुठे मशीन एक आणि बाहेर ही रांग, वेळ आणायचा कुठून? आणि हा फिटचा आजार महालबाड. वीस मिनिटं शहाण्यासारखा बसतो, जागरण करून झोपवलं की बऱ्याचदा सापडतो. दारातून डोकावून घरात चोर नाही म्हणायचं, तसलं..."

त्या बोलायच्या थांबल्या. एक टोकदार रेघ उसळली. मग आणखी दोन.

"आल्या! अरे, आल्या की!" बाई खुर्चीतून उठल्याच. मग जीभ चावून म्हणाल्या, "मी सांगायचं नसतं. डॉक्टर सांगतील." आणि फोन उचलला.

डॉक्टरबाई जवळजवळ धावतच आल्या. वाकून बघितलं, मागचं पुन्हा फिरवून बघितलं.

"हेच ते! डाव्या कानाच्या वरून उठतंय. झटके याचेच आहेत. आता नेमकं औषध देता येईल, मास्तर. बऱ्याच जणांचं यावर थांबतं."

मास्तरांना बसवेना. आयुष्यात कुणाचा निकाल वाईट लागल्यावर ते इतके हरखले नव्हते. लेकीने डोळे उघडले, तर हे पलंगाशी उभे.

"अगं, निघालं! खरंच निघालं! आजपासून औषध सुरू!"

ती उठून बसली.

"नक्की? मशीनमध्ये दिसलं?"

"ढळढळीत! मी स्वतः पाहिलं."

"म्हणजे मी मुद्दाम करत नव्हते."

"छे गं, तू कशाला करशील?"

"तुम्ही रोज म्हणायचात ना, बाबा." तिचे डोळे भरून आले होते, आणि ती हसतही होती. "मलाही तसंच वाटायला लागलं होतं. की मीच करते, आणि मला मेलीला थांबताही येत नाही."

बाई केसांतलं मलम पुसायला कोमट पाणी आणि फडकं घेऊन आल्या, तर मास्तरांनी ते त्यांच्या हातातून काढूनच घेतलं.

"द्या, मी पुसतो." फडकं पिळून त्यांनी हलक्या हाताने सुरुवात केली. "दुखलं तर सांग हं."

"सांगितलं तर खरं मानाल?"

तिने थट्टेतच विचारलं होतं. मास्तरांनी मान हलवली, आणि ती पाठमोरी आहे हे लक्षात आल्यावर मोठ्याने म्हणाले, "हो."