मी बारीकच बरी होते

मी एक जुनी रेघ आहे. मित्रांनो, रेघ म्हटलं की तुम्हाला काळ्या दगडावरची आठवेल. तिचा थाट वेगळा. तिला कुणी पुसत नाही, कुणी हलवत नाही. मी संगणकावरची रेघ. कुणीही यावं, टोकाला धरावं आणि ओढावं. मला तोंड नाही, त्यामुळे नको म्हणायची सोयही नाही.

माझा जन्म स्वयंपाकघरातल्या टेबलावर झाला. बिट्टीची मावशी इमारतींचे नकाशे काढायची. दिवसभर ऑफिसात परक्यांच्या भिंती काढून ती बहिणीकडे आली, चहाचा कप बाजूला सारला, पडद्यावर इथे एक टिचकी मारली, तिथे एक मारली, आणि मी झाले. गाजावाजा काही नाही. पण तिने माझ्याकडे मान तिरकी करून बराच वेळ पाहिलं, तेवढ्यावर मी खूश होते.

बिट्टी ही तिची भाची. एका आजारपणात बिट्टीची दृष्टी गेली. आता ती नव्या शाळेत जाणार होती आणि मावशी त्या शाळेचा नकाशा तिच्या बोटांसाठी काढत होती. असा नकाशा खास कागदावर छापतात. कागद गरम केला की जिथे काळी शाई पडली असेल तिथे तो फुगतो, आणि रेघ बोटाला लागते.

मावशीने बिट्टीला एकच नियम शिकवला. "जाड लागली की भिंत, थांबायचं. बारीक लागली की वाट, चालायचं." नकाशाचे तिने तुकडे केले होते: फाटक, व्हरांडा, जिना, वरचा मजला. प्रत्येक तुकड्यात एक बारीक रेघ. व्हरांड्यातली माझी बहीण, आणि जिन्यातली मी. आम्हाला रंग नाही, रूप नाही. बारीक असणं हीच आमची ओळख, आणि ती गेली की आम्ही गेलो.

मावशीला हे पक्कं ठाऊक होतं. तिच्या संगणकात एक बरोबरची खूण होती. ती लावलेली असली की चित्र मोठं करताना रेघाही जाड होतात. मावशीने ती पहिल्याच दिवशी काढून टाकली होती. त्यामुळे ती जिना लांब करो की रुंद करो, मी नुसती लांबत होते. कितीही ओढा, अंगाला काही लागत नव्हतं. आपल्याला आपलं मोजमाप कळणाऱ्या माणसाच्या हातात असण्याचं सुख मी तेव्हा भोगलं.

पहिला कागद बिट्टीला फार आवडला. तिचं बोट माझ्यावरून सुळकन जायचं. एकच तक्रार होती.

"जिन्याच्या वळणावर सगळ्या रेघा एकमेकींना चिकटल्यात," ती म्हणाली. "तिथे माझा गोंधळ होतो."

नेमकी मावशी तेव्हा कामासाठी बाहेरगावी गेलेली. "त्यात काय मोठंसं, मी करतो," असं म्हणत बाबांनी नकाशा आपल्या संगणकावर उघडला. त्यांच्या संगणकात ती खूण लावलेलीच होती. त्यांनी जिन्याचा तुकडा निवडला, कोपऱ्याला धरलं आणि ओढला.

मित्रांनो, मी फुगत गेले. थांबता येईना. आजूबाजूच्या भिंती माझ्याहून जाड झाल्या, पण त्यांचं काय बिघडलं? त्या भिंतीच राहिल्या. मी मात्र व्हरांड्याच्या भिंतीएवढी झाले.

"आता कसं ठसठशीत दिसतंय," बाबा म्हणाले.

"लांबूनसुद्धा दिसतंय," बिट्टीची आई म्हणाली.

दोघंही मनापासून खूश झाली. मला त्यांचा राग येईना आणि रडू तर मुळीच येईना, कारण रेघेला रडता येत नाही. कागद छापला, गरम केला, आणि मी जाडजूड होऊन वर आले.

बिट्टीने नवा कागद मांडीवर घेतला. व्हरांड्याच्या बहिणीवरून बोट सरळ आलं, माझ्यापाशी पोचलं आणि थबकलं. मी मनातल्या मनात ओरडत होते, चल बाई, मीच आहे ती. बिट्टीने पुन्हा चाचपलं. मग तिने मान हलवली. तिला वाटलं, पहिल्या कागदात जिना चुकीच्या जागी काढला असणार, आणि वळण सुटं करताना बाबांनी तोही बदलला. इथे भिंत आहे, म्हणजे खरा जिना पुढे असेल. तिने कुणाला विचारलं नाही, कारण बाबांशी तिचा करार झाला होता.

"उद्या मला कुणी काही सांगायचं नाही," ती म्हणाली होती. "मी एकटी वर्गात पोचले, तर परत कुणी माझा हात धरायचा नाही. कबूल?"

"कबूल," बाबा म्हणाले होते. "पण नाही पोचलीस, तर मी रोज वर्गापर्यंत येणार."

गर्दी नको म्हणून ती शाळेत लवकर आली. बाबा फाटकाशी थांबले. बिट्टी डाव्या हाताने भिंत धरून निघाली, उजव्या हातात कागद, आणि तिचा अंगठा माझ्यावर. जिन्याची पहिली पायरी तिच्या बुटापासून वीतभर दूर होती. ती माझ्यावर विश्वास ठेवून पुढे निघून गेली. व्हरांड्याच्या टोकाला एक कुलूपबंद दार लागलं. ती परत आली. पुन्हा गेली. तिने मला इतकं दाबलं की कागदाला घडी पडली. मग घंटा झाली, मुलं आत घुसली, आणि बिट्टी भिंतीला पाठ लावून उभी राहिली.

बाबा धावत आले. "अगं, हा काय, इथेच तर जिना आहे."

"कागदावर तिथे भिंत आहे."

"कुठे भिंत? ही वाट आहे, बघ ना," ते म्हणाले आणि त्यांनी जीभ चावली.

"मला भिंतच लागली," बिट्टी म्हणाली. ती रडली नाही. बाबांनी तिचा हात धरला आणि तिला वर नेलं.

मावशी परत आल्यावर तिने डोळे मिटून कागदावरून बोट फिरवलं, आणि माझ्यापाशी तिचाही चेहरा उतरला. "भावोजी, ती खूण काढून टाकायला हवी होती," एवढंच ती हळू आवाजात म्हणाली. तिने खूण काढून टाकली, माझी जाडी पूर्वीसारखी केली आणि जिना पुन्हा मोठा केला. या वेळी वळण ऐसपैस झालं आणि मी होते तशी बारीक राहिले.

मित्रांनो, हौसेने कुणालाही मोठं करा, पण त्यात त्याचा कोणता भाग बदलून चालणार नाही, हे आधी पाहा. आणि ज्याच्यासाठी करता त्याच्या बोटाने पाहा, आपल्या डोळ्यांनी नको. आम्हाला बोलता येत नाही.

आता मी पुन्हा बारीक आहे. नव्या कागदावर बिट्टीचं बोट व्हरांड्यातून भरभर येतं आणि माझ्यापाशी थांबतं. ती विचारते, "ही वाटच आहे ना?" मावशी म्हणते, "हो गं." ती विचारते, "नक्की?" शाळेत जिन्यापाशी मावशी नसते. तिथे बिट्टी थोडा वेळ माझ्यावर अंगठा ठेवून उभी राहते, मी आहे तेवढी सगळी तिच्या अंगठ्याला लागते, आणि मग ती दुसरा हात बाबांपुढे करते.