धुवणातला लगाम

हे घडलं एकोणीसशे सदुसष्ट साली. स्नायूंच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत लहान म्हणून तिला धाकटी म्हणत. घरीही ती धाकटीच, कारण आईबापांमागे जिने तिला वाढवलं ती अक्का तिच्याहून दहा वर्षांनी मोठी होती. अक्का कपडे शिवायची आणि धाकटी प्रबंध लिहायची. दोघींचं घर असं चालायचं.

प्रयोगशाळेचे मोठे सर स्वच्छतेचे भारी भोक्ते. काचेची नळी ते उजेडात धरून पाहत आणि बोटाचा ठसा दिसला की अख्खा दिवस तोंड फुगवून बसत. त्यांचा एक नियम होता. सशाच्या पाठीचा स्नायू बारीक करून त्यातलं प्रथिन काढायचं, आणि मग ते पाण्यात धुवायचं, पुन्हा धुवायचं, पाणी नितळ येईपर्यंत धुवत राहायचं. धुवणाचं पाणी मोरीत.

धुतलेलं प्रथिन नळीत घेतलं की दुधाळ दिसे. त्यात स्नायूचं इंधन घातलं की ते फाटलेल्या दुधासारखं गोळा होऊन तळाला बसे. स्नायू आखडतो तो असाच, फक्त इथे हाड नाही आणि हातपाय नाहीत. सरांचं म्हणणं होतं की या आखडण्याला कॅल्शियमची काही गरज नाही. कॅल्शियम टिपून घेणारं औषध नळीत घातलं तरी प्रथिन आखडतंच, तेव्हा विषय संपला.

धाकटीच्या नळीत मात्र विषय संपत नव्हता. तिने एकदाच धुतलेलं प्रथिन घेतलं, तर कॅल्शियम असताना ते गोळा होई आणि कॅल्शियम काढून घेतलं की इंधन असूनही शांत बसून राही. जणू कुणी लगाम खेचून धरला होता.

तिने हे सरांना दाखवलं. त्यांनी नळीकडे पाहिलंसुद्धा नाही.

"बाई, तुमचं प्रथिन घाणेरडं आहे."

"सर, पण प्रत्येक वेळी असंच होतंय."

"म्हणजे प्रत्येक वेळी घाणेरडं आहे. तुमच्या हाताला शिस्त नाही. यांचं काम बघा."

'यांचं' म्हणजे शेजारच्या टेबलावरच्या होयबाचं. त्याचं खरं नाव घरच्यांनाच आठवत असावं. सरांनी उत्तर म्हटलं की हा उत्तरेला तोंड करून उभा. त्याने नळी वर धरली. नितळ धुतलेलं प्रथिन, आज्ञाधारकपणे तळाला बसलेलं.

"कॅल्शियमचा परिणाम नाही असं प्रबंधात लिहा, मी सही करतो," सर म्हणाले. "नाहीतर पुन्हा धुवा."

ती पुन्हा धुवायला लागली. दोन वर्षं गेली त्यात. नीट धुतलं की परिणाम नाहीसा होई आणि सर खूश होत. कमी धुतलं की परिणाम परत येई आणि सरांचं तोंड फुगे. शीतखोलीत उभं राहून तिची बोटं सुजली. परीक्षक यायची तारीख ठरली तरी प्रबंधावर सही नव्हती.

त्या संध्याकाळी ती घरी आली ती पाय आपटतच.

"लिहून टाक गं त्यांना हवं ते," अक्का दोरा दातांनी तोडत म्हणाली. "सही घे आणि सूट."

"खोटं लिहू? माझ्या डोळ्यांसमोर ते थांबतंय अक्का! आणि हा माणूस म्हणतो मी घाणेरडी!"

"तू नाही, तुझं ते प्रथिन."

"एकच आहे ते!"

अक्का हसली. "इतकं धुतात म्हणतेस, तर एक दिवस त्यांच्या डोक्यातलंही धुतलं जायचं. मग शोधा म्हणावं मोरीत."

धाकटीने उचललेला चहाचा कप तसाच खाली ठेवला. गेलं ते कुठे गेलं, हे दोन वर्षांत कुणी विचारलंच नव्हतं. धुतल्यावर परिणाम जातो, म्हणजे तो धुवणात जातो. आणि धुवण जातं मोरीत.

दुसऱ्या दिवशी तिने होयबाचंच धुवण मागून घेतलं. त्याने दिलं खरं, पण दाराकडे नजर ठेवून.

"सरांनी पाहिलं तर?"

"सांगा की घाण नेली म्हणून."

तिने ते पाणी आटवून घट्ट केलं आणि होयबाच्या अतिस्वच्छ प्रथिनात थोडंसं परत घातलं. मग कॅल्शियम काढून घेतलं, इंधन टाकलं. नळी दुधाळच राहिली. थेंबभर कॅल्शियम टाकलं, आणि गोळा झाला. होयबाने चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"हे माझं प्रथिन आहे ना?"

"तुमचंच. धुवणही तुमचंच."

उरलेल्या धुवणाची बाटली घेऊन धावतच ती सरांकडे गेली. सर उठून आले, बाटली हातात घेतली, वास घेतला आणि तिच्यासमोर मोरीत उपडी केली.

"माझ्या प्रयोगशाळेत गटाराचं पाणी मोजलं जाणार नाही."

तिला रडू नाही आलं. कानशिलं तापली. त्या दिवसापासून ती धुवण साठवायला लागली, आणि शीतखोलीत मागच्या फळीवर बाटल्यांची रांग वाढत गेली. आश्चर्य म्हणजे रांगेत तिने न ठेवलेल्या बाटल्याही येऊ लागल्या. त्यांवर होयबाचं अक्षर होतं.

परीक्षक आले ते एक ठेंगणे, पिकल्या मिशांचे गृहस्थ. सरांनी त्यांना चकचकीत काच दाखवली, होयबाच्या नळ्या दाखवल्या. परीक्षक मान हलवत होते. निघताना त्यांनी सहज विचारलं, "आणि या बाई काय करतात?"

"धुतात," सर म्हणाले. "अजून शिकतायत."

बस्स. धाकटी पुढे झाली. "मला दाखवायचंय," ती म्हणाली, आणि कुणी हो म्हणायची वाट न पाहता तिने टेबलावर नळ्या मांडल्या. नितळ प्रथिन होयबाचं, धुवण फळीवरचं. एका नळीत धुवण घातलं, दुसरीत नाही. दोन्हींतलं कॅल्शियम काढलं, दोन्हींत इंधन टाकलं. धुवण नसलेली नळी दुधासारखी फाटली, धुवण घातलेली थांबली. मग थांबलेल्या नळीत कॅल्शियमचा थेंब पडला, आणि तीही फाटली.

परीक्षक खाली वाकून बराच वेळ पाहत राहिले.

"स्नायूला लगाम असतो, हे बरोबर आहे. कॅल्शियम आलं की तो सुटतो, आणि तो लगाम प्रथिनांचाच असतो. बाई, हे दोन वर्षांपूर्वी परदेशात छापून आलंय. पण तुम्ही स्वतः शोधलंत." ते सरांकडे वळले. "तुमच्याकडे तो अंक येतो ना?"

अंक यायचे. आधी सरांच्या खोलीत जायचे आणि तिथेच राहायचे.

"वाचलं होतं मी," सर म्हणाले. "मला पटलं नव्हतं."

मग धाकटी बोलली, आणि ती इतक्या मोठ्याने बोलली की बाहेरचा चपराशी आत डोकावला.

"वाचलं होतंत? आणि मला धुवायला लावत होतात?"

"आवाज खाली, बाई."

"नाही होणार खाली! माझी दोन वर्षं मोरीत ओतलीत तुम्ही!"

"सर, माझीपण," होयबा म्हणाला. एवढंच. पण आयुष्यात पहिल्यांदा तो सरांच्या विरुद्ध दिशेला तोंड करून उभा होता.

सही त्याच दिवशी झाली, परीक्षकांसमोर, सरांच्याच पेनाने. पेन कागदात रुतलं होतं.

पुढे सर सन्मानाने निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात त्यांनी सांगितलं की कॅल्शियमचं महत्त्व आमच्या प्रयोगशाळेने फार आधी ओळखलं होतं. टाळ्या पडल्या. त्यांची तसबीर अजून सभागृहात आहे, आणि तिची काच रोज पुसली जाते. होयबा त्यांच्या जागी बसला, आणि त्याने पहिलं काम केलं ते नियतकालिकांची कपाटं उघडी ठेवण्याचं. नाव मात्र त्याचं शेवटपर्यंत होयबाच राहिलं. परीक्षकांनी धाकटीला एक छापील पत्र पाठवलं आणि तिला विसरून गेले. अक्काची नजर अधू झाली तेव्हा तिचं शिवणकाम बंद झालं, पण पाहुण्यांना ती सांगे की स्नायूंचा शोध माझ्या एका थट्टेतून लागला, आणि धाकटी तिला कधी अडवत नसे.

धाकटी दुसऱ्या गावी शिकवायला गेली. आता लगामाच्या प्रथिनांची नावं शाळेतली मुलंही घडाघडा म्हणतात. तिच्या प्रयोगशाळेत मोरीवर लाकडी झाकण होतं. ते तिला विचारल्याशिवाय उचलायचं नाही. नव्या मुली हसायच्या. मग ती त्यांना ही गोष्ट सांगायची, आणि 'पटलं नव्हतं' या शब्दांपाशी आली की तिची कानशिलं पुन्हा तापायची, अगदी पिकल्या केसांतसुद्धा.