उदाहरणातला मुलगा

स्वरालीने खराडीतली नोकरी सोडली तेव्हा घरी कोणी आडवं आलं नाही, आणि तिला खरी धास्ती वाटली ती त्यामुळेच. वडील खडकीच्या दारूगोळा कारखान्यात होते, निवृत्तीला थोडीच वर्षं उरली होती. त्यांनी चहाचा कप खाली ठेवत "कर मग नीट" एवढंच म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी क्वार्टरच्या मागच्या खोलीतलं आईचं शिलाई मशीन उचलून तिथे तिच्यासाठी टेबल लावून दिलं. आई तेव्हापासून स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात मशीन घेऊन बसायची आणि तिला आवाजाचा त्रास होऊ नये म्हणून ती बाहेर गेली की मगच शिवायला घ्यायची. या असल्या गोष्टींबद्दल कोणी काही बोललं नव्हतं, पण टेबलाशी बसलं की त्या स्वरालीच्या मानेवर येऊन बसत.

लोकसेवा आयोगाच्या परीक्षेत बाकीचे पेपर सगळ्यांना सारखेच. वैकल्पिक विषय तेवढा ज्याने त्याने निवडायचा, आणि तो चुकला तर वर्ष गेलं असं सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकेत जो तो सांगायचा. स्वरालीचं मन भूगोल आणि मानसशास्त्र यांच्यात अडकलं होतं. सकाळी भूगोल पक्का व्हायचा, दुपारी टपरीवर कोणीतरी मानसशास्त्राचे गुण सांगायचं आणि संध्याकाळी मेट्रोने खडकीला परतताना ती पुन्हा होती तिथेच असायची. शेवटी शेजारच्या खुर्चीवर बसणारी ऋतुजा कंटाळली.

"तू श्रीधर सरांकडे जा. मानसशास्त्राचे प्राध्यापक होते, आता रिटायर्ड आहेत. क्लास वगैरे नाही. चार प्रश्न विचारतात आणि कुठला विषय घे ते सांगतात. थोडे खडूस आहेत, पण चुकत नाहीत म्हणे."

सर नव्या पेठेत एका जुन्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावर राहत. दार त्यांच्या पत्नीने, कुसुमताईंनी, उघडलं. सर आतल्या खोलीत आरामखुर्चीत बसले होते. त्यांनी स्वरालीकडे न बघता समोरच्या स्टुलाकडे बोट केलं.

"दोन्ही विषय आवडतात असं सांगायला आल्या असाल. सगळे तेच सांगतात. एकेक प्रश्न विचारतो. उत्तर तोंडी, आणि उदाहरण स्वतःचं हवं. पुस्तकातली उदाहरणं मी तुमच्या जन्माआधीपासून वाचतोय."

भूगोलाचं उत्तर तिने बरं दिलं. नदीच्या पूररेषेत बांधकामं कशी शिरतात हे तिने मुळा-मुठेवरून सांगितलं आणि सर नुसते हुं म्हणाले. मग त्यांनी मानसशास्त्रातलं अभिसंधान विचारलं, म्हणजे एका गोष्टीची दुसरीशी सांगड बसून माणसाला सवय कशी लागते ते. तिला कारखान्याचा भोंगा सांगायचा होता, भोंगा झाला की आई गॅसवर आधण ठेवते ते. तिने तोंड उघडलं आणि ती म्हणाली, "समजा, एक मुलगा आहे. त्याचे वडील कॉलेजातून आले की दाराशी चपला काढतात. चपला एकदम पडल्या तर दिवस बरा गेलेला असतो. एक पडली आणि दुसरी जरा थांबून पडली, की मुलगा हातातलं मिटून दुसरं पुस्तक उघडतो. पुढे वडील घरात नसले तरी कुठेही चप्पल वाजली की त्याचा हात पुस्तकाकडे जातो."

उत्तर संपल्यावर तिचं तिलाच बरं वाटलं. इतकं नेमकं आणि न अडखळता ती कधी बोलली नव्हती. सरांनी चष्मा काढून धोतराच्या टोकाने पुसला.

"उद्या या," ते म्हणाले.

ती जात राहिली. सर भूगोलाचं विचारेनासे झाले होते आणि तिलाही त्याचं काही वाटत नव्हतं, कारण अवधान असो, स्मृती असो, प्रेरणा असो, तिने घरी एकदा वाचलं की दुसऱ्या दिवशी उत्तर जिभेवर तयार असायचं, आणि आयुष्यात पहिल्यांदाच तिला एखादी गोष्ट मागे न धावता मिळत होती. फक्त उदाहरणं तिची नव्हती. प्रत्येक उत्तरात तोच मुलगा यायचा. त्याला नकाशांचं वेड होतं. ते भिंतीवर लावायची परवानगी नव्हती, म्हणून तो कपाटाच्या दाराच्या आतल्या बाजूला चिकटवायचा आणि कपडे काढायच्या निमित्ताने पुन्हा पुन्हा कपाट उघडायचा. त्याला परीक्षेला भूगोल घ्यायचा होता आणि वडील म्हणत होते की घरात मानसशास्त्र असताना बाहेर कशाला जायचं. आपल्याच मनातली ओढाताण आपण या मुलाच्या अंगावर घालतोय अशी स्वरालीने स्वतःची समजूत घातली. मानसशास्त्राच्या पुस्तकात अशा प्रकाराला प्रक्षेपण असं नावही होतं. तरी एकदा तिने ठरवून आपल्या आईचं उदाहरण द्यायला घेतलं, आणि पहिल्या वाक्यानंतर तिला आईच्या हातात काय होतं ते आठवेना. मुलगा मात्र लगेच आठवला.

कुसुमताई चहा ठेवून लगेच आत जायच्या. आता त्या दाराच्या चौकटीशी थांबू लागल्या होत्या. नकाशांचं उदाहरण दिलं त्या दिवशी स्वराली निघताना त्या तिच्यामागे बाहेरच्या खोलीत आल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "तुला हे कोणी सांगितलं गं?"

"काय काकू?"

"कपाटाच्या दाराला आतून नकाशे लावतात ते."

"कोणी नाही. बोलता बोलता सुचलं."

कुसुमताईंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलं. "आमचा केदार लावायचा," त्या म्हणाल्या. "आम्हाला मुलगा होता हे कुणाला ठाऊक नसतं आता. परीक्षेचा निकाल लागला, त्यात याचं नाव नव्हतं, आणि हा दिल्लीहून निघाला एवढा निरोप आला. मी तेव्हा बहिणीकडे साताऱ्याला होते. हे घरी होते. पण तो आलाच नाही म्हणतात. पोलिसांनी पुष्कळ शोधलं. स्टेशनवर उतरलेला दिसला होता, पुढे काही नाही."

आतून सरांच्या खोकल्याचा आवाज आला तशा त्या आत गेल्या.

स्वराली त्यानंतर गेली नाही. अभ्यासिकेत तिने ऋतुजाला विचारलं, पण सरांना मुलगा होता हे तिनेही कधी ऐकलं नव्हतं. कुठेतरी कानावर पडलं असेल आणि आपण विसरलो असू, असं स्वरालीने धरून चालायचं ठरवलं. ती घरीच वाचू लागली, आणि मानसशास्त्राचा एक नवा कोरा धडा उघडल्यावर पुढच्या पानावर काय आहे हे तिला आधीच माहीत असल्याचं ध्यानात आलं तेव्हा तिने पुस्तक मिटून टेबलाच्या अगदी कडेला सारून ठेवलं. त्याच आठवड्यात सरांचा फोन आला.

"एक प्रश्न राहिलाय," ते म्हणाले. "तेवढा झाला की विषय सांगतो."

"सर, मला वाटतं मी आता..."

"याच्या उत्तरातलं थोडं मलाही ठाऊक नाही, म्हणून बोलावतोय." त्या माणसाच्या आवाजात असं काही ऐकायची तिला सवय नव्हती. ती गेली.

सकाळची वेळ होती, खिडकीतून ऊन थेट स्टुलापर्यंत आलं होतं. या वेळी कुसुमताई आधीच पलंगाच्या कडेला बसलेल्या होत्या, हातात चहा नव्हता. सरांनी त्यांच्याकडे बघून म्हटलं, "तू आत जातेस का जरा?"

"नाही जात. विचारा तुम्ही. तुम्हीच बोलावलंत ना तिला?"

सरांनी खुर्चीचे हात धरले. "अर्जित असहाय्यता," ते म्हणाले. "माणूस प्रयत्न करायचंच का सोडून देतो. उदाहरणासह."

स्वराली कुत्र्यांवरचा तो प्रसिद्ध प्रयोग पाठ करून आली होती. पुस्तकातलं चालणार नाही म्हणाले तरी तेच सांगायचं, असं तिने जिना चढताना मनाशी घट्ट केलं होतं.

"समजा," ती म्हणाली, "एक मुलगा दुपारी घरी येतो. प्रवासाने दमलेला आहे. किल्ली त्याच्याकडे नाही, कारण जाताना वडिलांनी ती काढून घेतलेली असते, काही करून दाखवल्याशिवाय किल्ली मिळणार नाही म्हणून. तो बेल वाजवतो. थांबतो. पुन्हा वाजवतो. शेजारच्या बंद घराबाहेर रिकामा सिलिंडर असतो, त्यावर बसतो. वडील दुपारचे झोपतात हे त्याला माहीत असतं, म्हणून तो चार वाजेपर्यंत वाट बघतो आणि मग परत वाजवतो. दार उघडत नाही. त्यानंतर मात्र तो बेलकडे हात नेत नाही. आता दार नुसतं लोटलेलं असतं तरी त्याने लोटून पाहिलं नसतं. असहाय्यता शिकली जाते ती अशी."

"आणि आत कोण होतं?" कुसुमताईंनी विचारलं.

"वडील."

"झोपले होते."

स्वरालीला हो म्हणायचं होतं. एवढा एक शब्द म्हणून उठायचं आणि मागे वळून न बघता खाली उतरायचं, इतकं ते सोपं होतं. "नाही," ती म्हणाली. "आरामखुर्चीत होते. छातीवर वर्तमानपत्र होतं. ते वाजू नये म्हणून त्यांनी दोन्ही हातांनी घट्ट दाबून धरलं होतं."

रस्त्यावरून भाजीवाला ओरडत गेला. सरांचे दोन्ही हात खुर्चीवरून उठून कधी छातीशी आले होते ते त्यांनाही कळलं नसावं.

"थोडी अद्दल घडावी म्हणून," ते म्हणाले. "संध्याकाळी उघडणार होतो. उघडलंही. तोवर..." ते कुसुमताईंशी बोलत नव्हते, स्वरालीकडे बघत होते. "कुठे गेला तो? मला एवढंच विचारायचं होतं. तिथून कुठे गेला?"

"कुठे नाही," स्वराली म्हणाली. "जिन्यातच आहे."

कुसुमताई उठल्या. नवऱ्याकडे त्यांनी पाहिलंसुद्धा नाही. बाहेरच्या खोलीत जाऊन त्यांनी कडी काढली, वरची खिटी काढली आणि दार भिंतीला टेकेपर्यंत उघडलं. जिन्यात कोणी नव्हतं. पायऱ्यांवर झरोक्यातून आलेलं ऊन पडलं होतं. त्या दारातून बाजूला झाल्या, पाहुण्याला वाट करून देताना होतात तशा, आणि रोज कोणी कामावरून येतं त्याला म्हणावं इतक्या साध्या सुरात म्हणाल्या, "ये रे. आत ये."

मग त्या तशाच उभ्या राहिल्या. कोणाला बूट काढायला लागावा तेवढा वेळ गेला. स्वरालीने तेवढ्यात पिशवी उचलली होती.

"भूगोल घ्या," सर आतून म्हणाले. त्यांचा आवाज फार थकलेला होता. "मानसशास्त्र तुमचं नाही."

ती कुसुमताईंच्या शेजारून बाहेर पडली. त्यांनी तिला निरोप दिला नाही. त्यांचं लक्ष जिन्याकडे नव्हतंच आता, घरात होतं. खाली रस्त्यावर आल्यावर स्वरालीला इतकं हलकं वाटलं की ती थेट अप्पा बळवंत चौकात गेली, भूगोलाची पुस्तकं आणि एक मोठा नकाशासंग्रह घेतला, आणि अभ्यासिकेत जाऊन ऋतुजाला म्हणाली, "भूगोल. संपला विषय." ऋतुजाने सुटकेचा मोठा निःश्वास टाकला आणि दोघींनी मिळून क्रीमरोल खाल्ले.

संध्याकाळी घरी आई एकटीच होती, वडिलांची दुसरी पाळी होती. तिने आईलाही सांगितलं. भूगोल म्हणजे काय काय असतं ते आईने विचारलं, आणि मुलीचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसतोय हे बघून तिने आपणहून पुरणपोळीचं पीठ काढलं. स्वराली मागच्या खोलीत गेली. नकाशासंग्रह उघडून ती त्यावर ओणवी झाली. डोंगररांगांवरून, नद्यांवरून तिचं बोट सहज फिरत होतं, आणि कुठे काय आहे ते तिला शोधावं लागत नव्हतं. असं आपल्या जागी बसल्याचं सुख तिला आजवर कुठल्याच टेबलाशी मिळालं नव्हतं.

स्वयंपाकघरात तव्याचा खमंग वास सुटला. आईने पान वाढलं, पाटावर तुपाची वाटी ठेवली आणि हाक मारली, "स्वराली, चल गं, गरम आहे तोवर ये."

"आलो," आतून उत्तर आलं.

आईचा हात वाटीवरच थांबला. घरात दुसरं कोणी नव्हतं. तरी तिने आधी बाहेरच्या दाराकडे पाहिलं. ते बंद होतं.

"कोण आलं गं?" तिने विचारलं.

स्वराली हात पुसत दारात आली. तिने आईकडे पाहिलं, आणि आईला काय विचारायचंय ते तिला खरोखरच समजलं नाही.

"कोणी नाही, आई," ती हसून म्हणाली. "मीच आलो."