ठमी जेवत नाही

पाचव्या दिवशी सकाळी डॉक्टरीणबाईंचा फोन आला. "मावशी, ठमी जेवतच नाहीये हो. तुमच्याकडे कशी खायची ती?"

"तोंडानं," मी म्हटलं.

राग होता, दुसरं काय! बावीस वर्षं सर्कशीत त्या अस्वलिणीला मी सांभाळलं. नवीन कायदा आला, अस्वलांचे खेळ बंद झाले आणि एका दुपारी साहेब लोक तिचा पिंजरा गाडीत चढवून प्राण्यांच्या आश्रयकेंद्रात घेऊन गेले. सही करायच्या फॉर्मात एक रकाना होता, जनावराच्या खास सवयी. मी ठसक्यात लिहिलं, काही नाहीत.

धडधडीत खोटं. खाणं पुढ्यात आलं तरी मी "गिळ!" म्हटल्याशिवाय ठमी त्याला तोंड लावत नसे. कुणी रिंगणात बिस्किट फेकलं तर खेळ मोडू नये म्हणून लहानपणीच तसं वळण लावलेलं, काठीच्या धाकानं. सही करताना मनात म्हटलं, बसा आता बोंबलत. दोन दिवसांत झक मारत बोलवाल मला. आणि एकदा बोलावलंत की मी तिथून हलतेय होय! भाचीच्या मागच्या खोलीत भिंतीशी बोलत बसण्यापेक्षा ते बरं. पण दोनाचे चार दिवस झाले. ती उपाशी असणार हे मला पक्कं ठाऊक होतं, तरी मी फोन केला नाही. सांगायला लाज वाटते.

शेवटी त्यांनी बोलावून घेतलंच. केंद्रावर डॉक्टरीणबाई फाटकातच उभ्या होत्या, डोळे तांबारलेले. वयानं माझ्या भाचीएवढ्याच. चालता चालता म्हणाल्या, "तिचे मागचे गुडघे पार गेलेत. इथे आल्यापासून चार पायांवरच चालतेय, तेवढं एक बरं आहे. उभं राहणं कायमचं सुटलं तर दुखणं कमी होईल."

कुंपणापलीकडे ठमी मुटकुळं करून पडली होती. भांड्यातलं कलिंगड जसंच्या तसं. मला बघितलं मात्र, आणि ती उठली. मागच्या दोन पायांवर. एक गिरकी घेतली, मग दुसरी, मग पंजा कपाळाला लावून सलाम. पाय लटपटत होते, पण बयेनं सगळा खेळ केला, काही म्हणून गाळलं नाही.

"बस गं, बस!" मी ओरडले. ती तशीच उभी. "गिळ!" म्हटलं तेव्हा खाली आली आणि भांड्यावर तुटून पडली.

डॉक्टरीणबाई तर रडायलाच लागल्या. "मावशी, तुम्ही इथेच राहा ना. एक खोली रिकामी आहे. रोज तुम्हीच भरवा तिला."

हेच तर हवं होतं मला. एवढ्याचसाठी त्या मुक्या जिवाला उपाशी ठेवलं होतं. हो अगदी ओठांवर आलं होतं. तेवढ्यात ठमीनं भांडं चाटूनपुसून साफ केलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढचे पाय उचलायला लागली.

मी चटकन भिंतीआड झाले.

"खोली राहू द्या," मी कुजबुजले. "अजून थोडं खाणं आणा. आणि मी काय म्हटलं ते ऐकलंत ना? आता तुम्ही म्हणा."

"गिळ हं बाळा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. पलीकडे काही हलेना.

"अहो, पाहुण्याला आग्रह करताय का? खेकसा चांगल्या!"

दोनदा फसलं. तिसऱ्यांदा त्या अशा खेकसल्या की मीच दचकले. लगेच भांडं खडखडलं.

"खातेय! मावशी, खातेय! या ना, बघा तरी!"

मी भिंतीला पाठ लावून खाली बसले होते. खाताना ती नाकानं फुसफुसते, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"नको," मी तसंच कुजबुजत म्हटलं. "मला बघितलं की ती उठते."

रडू असं दाटून आलं म्हणता! पण पदर तोंडात कोंबला. आवाज ओळखला असता तिनं.